झाडांची संख्या

शुक्रवार, संध्याकाळचे सहा वीस.
बेल्मिरू कोट चढवून उभा आहे माझ्या खुर्चीमागे.
दोरू खोऱ्यातल्या वाइनवाल्यांनी परत पाठवलीत
चाळीस हजार बुचं, कुबट वास येतो म्हणून,
आणि त्यांची क्रेडिट नोट निघत नाही.
पडद्यावर एकच ओळ, लाल:
ऑब्जेक्ट अस्तित्वात नाही.

कुठलं, ते सांगत नाही.
कोणी मागितलं, तेही नाही.
नुसते हात वर.

मी आधी तेच करते जे सगळे करतात.
बाहेर पडते, पुन्हा आत येते.
कॅशे पुसते, परवानग्या बघते,
दुसऱ्याच्या लॉगिननं तेच दार ठोठावते.
"इव्होने, सर्व्हर झोपलाय का?"
सर्व्हर टक्क जागा आहे.
झोपला असता तर उठवला असता.

मग उलटी चालू लागते.
क्रेडिट नोटवरून डिलिव्हरी, डिलिव्हरीवरून बॅच,
बॅचवरून साल उकळल्याची तारीख, कढईचा नंबर,
ढीग, ट्रक, ड्रायव्हरची गिचमिड सही.
प्रत्येक टेबल पुढच्याचा पत्ता देतं
आणि शेवटच्या पत्त्यावर घरच नाही.
भूखंड एकतीस-ब.
नंबर आहे. नंबरामागे कोणी नाही.

टेस्ट सिस्टीममध्ये मात्र आहे तो,
तिकडे अजून २०१६च चालू आहे:
क्षेत्र चौदा हेक्टर, कॉर्क ओक नऊशे बारा,
पुढची सोलणी नऊ वर्षांनी.

बदलांची नोंद उघडते.
हटवले, नोव्हेंबर २०१७, सकाळी अकरा दोन.
युजरच्या रकान्यात
माझं नाव.

तो दिवस मला आठवतो, म्हणजे आठवत नाही.
एक मेल होता: जळालेले भूखंड काढून टाकणे.
दोनशे सात होते.
यादी निवडली, बटण दाबलं, कॉफी आणायला गेले.
वणवा म्हणे तीन दिवस चालला होता.
माझं अकरा मिनिटांत उरकलं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे आगीला माफ आहे.
माझ्यासमोर 'निष्क्रिय' नावाची एक चौकट होती,
फक्त टिक करायची.

झाडं गेली, पण त्यांची साल
आमच्या गोदामात होती,
बुचं होऊन बाटल्यांच्या गळ्यात बसत होती,
आणि आता परत येऊन विचारतेय
आम्ही कुठली?

"किती वेळ?" बेल्मिरू.
"दहा मिनिटं," मी. असं नेहमी म्हणते.

कोरा फॉर्म. एकतीस-ब. चौदा हेक्टर.
झाडांची संख्या: शून्य.
सिस्टीम म्हणते, शून्य चालणार नाही.

आलेंतेझूला फोन लावते. आदेरीतू जेवत असावा,
चमच्याचा आवाज येतो, मग थांबतो.
"एकतीस-ब? साल अंगावर असती तर तगली असती गं ती,
आदल्या उन्हाळ्यात आपणच सोलली होती."
बराच वेळ काही नाही.
"पण ओढ्याच्या अंगाला चार आहेत अजून."
आणि त्यांच्यावर रंगवलेला सहाचा आकडा?
"आहे की. भेगाळलाय.
झाडाबरोबर तोही रुंद झालाय."

चार, मी टाइप करते.
निष्क्रिय, टिक.
सेव्ह.

प्रिंटर खाकरतो. बेल्मिरू कागद उचलतो, गरम आहे अजून,
"म्हणजे बारीकसंच काहीतरी होतं," म्हणतो,
आणि जिन्यावरून त्याची पावलं.

फोन अजून चालूच आहे.
मी जुनी यादी उघडते. उरले दोनशे सहा.
"आदेरीतू," मी विचारते,
"सोमवारी किती वाजता निघतोस रानात?"