डावीकडं

मे महिना, भुसावळ.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर
बर्फ पडत होता.
कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसता वाळ्याचा करपट वास.

याच भिंतीवर दर शनिवारी
अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांसाठी
मी घोड्यांची पिच्चरं लावायचो.
बंदूक वाजली की पिसं खोवलेला माणूस
घोड्यावरून पडायचा.
पडताना त्याला भाषा नसायची.

आज गोष्ट जवळपास तीच.
बायको पळवली, नवरा माग काढतोय.
पण गाडी कुत्री ओढतायत,
आणि पिसांशिवायची ती माणसं बोलतायत,
बोलतायत, घशाच्या तळातून,
दगडाखालून झिरा बोलावा तशी.
खाली इंग्रजी अक्षरं, तीही पुढच्यांच्या डोक्यांआड.

"घोडा कोठे शे?" मागून सुपडू धांडे.
हशा.

खजान पावरा हसला नाही.
सातपुड्यातून दोन एस्ट्या बदलून आलेला,
त्याला ना इंग्रजी, ना ती बोली.
बर्फावरचा माग पुसला गेला
तसा तो खुर्चीत पुढं वाकला.
"डावीकडं," म्हणाला, स्वतःशीच.

कुत्री डावीकडं वळली.

नंतर पायऱ्यांवर विचारलं, कसं कळलं?
विडी पेटवत म्हणाला,
"पळवणारा वाऱ्याला पाठ देतो."

रात्रीचे अकरा.
पायऱ्या अजून भाजत होत्या.