मार्चपासून

दोन डिसेंबरची सुट्टी आली की खसब.
ठरवावं लागत नाही आता. अकरावं वर्ष.
शारजाहून दोन गाड्या, तीन जोडपी,
मांडीवर भडंगाचा डबा,
आणि तिबातच्या नाक्यावर उल्हासच्या हातात
सहा पासपोर्टांची चळत.
तो जोड्या लावून देतो, नवऱ्यावर बायको, नवऱ्यावर बायको,
मेंढीकोटाला बसल्यासारखा.

इतक्या वर्षांत एकमेकींचे नवरे
तोंडपाठ झालेत आम्हाला.
शिरीषला वळणांवर मळमळतं;
आलेपाक माझ्या पर्समध्ये असतो.
पुष्कराज झोपेत कुणाला तरी बिलं वाचून दाखवतो,
भिंतीपलीकडून सगळ्यांनी ऐकलंय.
आणि उल्हास घरी आठवडाभरात बोलत नाही
एवढं वसुधाशी बोलतो एका दुपारी.
आधी टोचायचं.
आता तिच्याकडूनच कळतं मला
त्याच्या मनात काय चाललंय ते.

गलबतावर लाल गालिचे, उशा, कापलेली कलिंगडं.
दोन्हीकडे डोंगर, गवताचं पातं नाही,
मध्ये पाणी इतकं गप्प
की बोलताना आवाज आपोआप उतरतो.
खलाशी शिट्ट्या घालून डॉल्फिनना बोलावत होता.
शिरीषनं थर्मासमधला चहा ओतला,
दोन चमचे साखर घातली, ढवळली,
न बघताच कप क्षमापुढे धरला.
सव्वीस वर्षं धरतोय.

‘साखर सोडली मी,’ क्षमा म्हणाली.
‘मार्चपासून.’

किती वाजले सांगावं, तसा आवाज.

मार्च. म्हणजे नऊ महिने.
प्रत्येकानं मनातल्या मनात बोटं मोडली असणार.
मग मला सकाळ आठवली:
क्षमा लिफ्टनं एकटीच खाली आली होती,
आणि तो रोल्याच्या बस स्टँडवर उभा होता, बॅग घेऊन.
‘ऑफिसातून थेट आलो,’ म्हणाला.
सुट्टीच्या दिवशी.

कुणी काही विचारलं नाही.
पुष्कराज पाण्यात डॉल्फिन शोधू लागला,
त्या बाजूला, जिथे ते नव्हतेच.
कप हवेत तसाच.
उल्हासनं हात लांबवला, ‘आण इकडे,
मला गोडच लागतो.’
त्याला डायबेटिस आहे.
शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.
मी अडवलं नाही.

रात्री हॉटेलात वसुधा म्हणाली,
बायका आज एका खोलीत झोपू, गप्पा मारू.
अकरा वर्षांत कधी म्हणाली नव्हती.
पुरुषांनी निमूट उशा उचलल्या.
तिसरी खोली रिकामी,
तिचा एसी मात्र रात्रभर चालू,
बंद करायला कुणी गेलं नाही.

दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळानं
क्षमा छताशी बोलल्यासारखी बोलली:
‘भांडण असं नाही झालं काही.
तो अजमानला राहतो. चांगलं चाललंय त्याचं.
व्हिसा त्याच्या नावावर माझा,
म्हणून कागद नाही केला.’
मग कूस बदलून,
‘त्याला सोडताना नाही रडले गं.
तुम्हाला सांगायचं म्हटलं की घशात यायचं.
पुढच्या वर्षी कुणाला बोलवाल?
मला, की त्याला?’

वसुधानं अंधारातच तिला चिमटा काढला.
‘दोघांना. भडंग तो छान करतो.’
हसलो. कॉट करकरली.
पलीकडून पुष्कराजची बिलं ऐकू येत होती.

परत येताना तिबातचा नाका.
उल्हासनं जोड्या लावल्या,
चौथ्या पासपोर्टावर थबकला क्षणभर,
मग ठेवला तसाच, शिरीषवर क्षमा.
अधिकाऱ्यानं वर न बघता शिक्के मारले,
सहाही एकाच जोरानं.

रास अल खैमाच्या पंपावर करक घ्यायला थांबलो.
मी गाडीतच होते.
उल्हास काउंटरपर्यंत गेला, परत आला,
खिडकीशी वाकला:
‘तुला साखर किती?’
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

‘एक,’ म्हटलं. ‘आणि तुला?’
‘नको,’ म्हणाला.
‘काल झाली.’