पंजा

जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयातून
दोन शाळांना मिळून बेसबॉलचं एकच खोकं आलं.
दोन बॅटी, सात चेंडू, एक मास्क
आणि कॅचरचा चामडी पंजा,
परातीएवढा.
(निवडणुकीतला नव्हे, असं रसाळ सर
दरवर्षी नव्या पोरांना सांगायचे
आणि स्वतःच हसायचे.)

खोकं पंधरा दिवस आमच्याकडे,
पंधरा दिवस खाडीपलीकडे.
तरीवाला त्याचं तिकीट घ्यायचा नाही,
पण ठेवायचा बोकडांच्या शेजारी.

सामने आमच्या बाजूच्या सड्यावर.
वाळू भरलेली पोती म्हणजे बेस,
होम प्लेट म्हणजे मोडक्या होडीची फळी.
कातळावर घसरलास तर कातडी कातळाची.
चेंडू करवंदीत गेला की
दोन्ही संघ ढुंगणं वर करून शोधायचे,
तेवढाच वेळ शिव्या बंद.

तिकडचा कॅचर मुबीन खलफे, इकडचा मी.
बाजू बदलली की तो उठायचा, मी बसायचो,
आणि मध्ये, त्या फळीवर,
पंजा त्याच्या हातातून माझ्या हातात.
बोलायचो नाही.
बोलणार काय?
त्यांनी आमच्या जाक्करला
"चेंडू टाकतोस की शेण" म्हणून रडवलं होतं,
आम्ही त्यांच्या पिशवीत
बांगड्यांची डोकी भरली होती.

पण पंजा आतून ओला असायचा.
त्याच्या घामात माझी बोटं जायची.
करंगळीची जागा एका बाजूला फाकलेली:
त्याची करंगळी वाकडी होती,
हे मला कोणी सांगितलं नाही,
चामड्यानं सांगितलं.
मी कुठे भितो, तेही त्याला कळत असणार.
छातीवर उसळणाऱ्या चेंडूला
मी तळवा आखडायचो,
तिथे एक घडी पडली होती.

फायनलच्या आठवडाभर आधी
अंगठ्याजवळची वादी तुटली.
खोकं तेव्हा आमच्याकडे.
सर म्हणाले, रत्नागिरीला पाठवू, महिना जाईल.
मी बाबांची सुई घेतली, निळा नायलॉन घेतला,
आणि जाळ्याची गाठ मारली,
ओली झाली की आणखी आवळणारी.

मनात आलं,
त्यांच्या पाळीला सुटेल अशी मारावी.
खोटं कशाला बोलू, दोनदा आलं.
बाबा शेजारीच जाळं विणत होते.
वर न बघता म्हणाले,
"गाठीला काय ठावं, मासा कोनाचा."
कशावरून म्हणाले, देव जाणे.
मी सुतळीसारखं दातानं टोक तोडलं.

शेवटचा डाव. दोन आऊट. आम्ही एकानं मागे.
मी तिसऱ्या पोत्यावर.
जाक्करनं मारला, काजूंच्या अंगाला,
लांब, पण इतकाही लांब नाही.
मी निघालो.
फळी दिसत होती, मुबीनचे गुडघे दिसत होते,
आणि कानामागून चेंडू येतोय
हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.
घसरलो.
तांबडी धूळ. कोणाचं तरी कोपर माझ्या दातांवर.
धूळ बसेपर्यंत पंच वाकून उभा.

चेंडू पंज्यात होता.
तळव्यात नाही, अगदी कडेला,
अंगठ्याजवळ,
निळ्या गाठीवर लटकलेला.

आऊट.

तिकडची पोरं नाचत येत होती.
मुबीन मात्र बसून गाठ चाचपत होता.
"ही कोणी मारलीन रे?"
मी तोंडातलं रक्त थुंकलो. "मी."
त्यानं नखानं ओढून पाहिली.
हलली नाही.
मग उठला, पंजा काढला,
आणि सवयीनं माझ्यासमोर धरला.
मीही सवयीनं हात घातला.
आत गरम, ओलं.

"ए येड्या," मागून जाक्कर ओरडला,
रडत होता की काय कोण जाणे,
"संपला ना डाव!"