तीन जिने

आई म्हणायची, भिजत घोंगडं ठेवू नये,
कुबट वास येतो.
घोंगडं तिनं तरी कुठं वापरलं होतं,
देवरुखात आमच्याकडे चादरीच.
पण मुहर्रकमध्ये, ऑगस्टात,
खिडकीच्या काचेला रात्रभर बाहेरून घाम फुटतो
तेव्हा मला ते घोंगडं नाकाला कळलं.

गाडीचा परवाना संपून पाच आठवडे.
उजवी दाढ, जिला मी डावीकडून जेवून फसवतो.
आणि निमाताईचा आवाज,
अकरा मिनिटं छत्तीस सेकंद,
एप्रिलपासून फोनमध्ये बंद,
शेजारी हिरवा ठिपका.
वर्षश्राद्धाला आलो नाही, त्याचंच असणार.

गोदीत मी स्टोअरकीपर.
एक वॉशर गेला तरी त्याच मिनिटाला नोंद,
कुणी नेला, कुठल्या जहाजाला.
दुसऱ्याचं काहीच माझ्याकडे तुंबत नाही.
संध्याकाळी बूट काढले
की येणारा शुक्रवार सुरू होतो,
ज्यात सगळं होणार असतं.
शुक्रवारी झोप येते.

इथल्या कचेरीत खिडकीमागून म्हणतात, बाचर,
म्हणजे उद्या.
त्या कारकुनाला मी मनातल्या मनात हसायचो.
मग एकदा आरशासमोर, ब्रश तोंडात,
दाढेला म्हणालो, बाचर,
अगदी त्याच्याच सुरात.

ऐकत नाही ती फक्त बादली.
एसीची नळी बाहेर जायची ती खोलीतच उतरते,
खाली निळी बादली.
अकराला ओतली नाही
तर साडेअकराला पाणी युसुफभाईंच्या गादीवर.
तिला मी कधी उद्या म्हटलेलं नाही.
तिच्यासाठी गजर नाही, यादी नाही,
एक जानेवारीचा निश्चय नाही.
ती भरते, मी उठतो.

मग तळमजल्यावरची बीनाचेची म्हणाली,
मोरीत कशाला ओततोस, मला आण.
तुपाच्या डब्यांत तिचा कढीपत्ता,
या खाऱ्या वाऱ्यात कसाबसा राजी केलेला.
म्हणून रोज रात्री तीन जिने.
लिफ्ट आहे. दुरुस्त होणार आहे. बाचर.

पहिल्या रात्री एका हातात बादली,
दुसरा हात रिकामा.
त्याला लाज वाटली म्हणा,
किंवा नुसता कंटाळा आला म्हणा,
अंगठ्यानं ठिपका दाबला.

ताई सुरू झाली.
फणस यंदा कमी. पायरीला तडा गेलाय.
दोन जिने झाले, एक डबा भिजला,
मी आवाज थांबवून वर आलो.
दुसऱ्या रात्री मांजराची पिल्लं, सगळी चार.
तिसऱ्या रात्री मामींचा गुडघा, सविस्तर.
चौथ्या रात्री डोक्यावरून विमान उतरलं,
मागे घेऊन पुन्हा ऐकलं.
रागाचा शब्द अजून नाही.
मी वाट बघत होतो, थोडी इच्छाही होती.

पाचव्या रात्री, शेवटच्या पायरीवर:
आईच्या ट्रंकेत स्वेटर सापडला,
पाठ झालेली, एकच बाही,
सुया तशाच अडकवलेल्या.
तुझ्या दहावीच्या मापाचा आहे रे.
ठेवू की उसवू? सांग लवकर.

मी बादली खाली ठेवली.
तीस वर्षं, आई. तीस वर्षं.
आणि आम्हाला घोंगडं!
हसू आलं, मग ते घशात कुठंतरी अडकलं.
बीनाचेचीच्या दाराशी, चपलांमध्ये उभा राहून
फोनला म्हणालो, उसव.
लोकर चांगली असेल तर कुणाला तरी टोपी कर.
नऊ सेकंद.
एप्रिल, मे, जून, जुलै, आणि नऊ सेकंद.
तिकडे दीड वाजला असेल.

सकाळी उत्तर होतं:
मेमध्येच उसवला.
तुझ्यासाठी कोण थांबतंय.
टोपीचा फोटो. टोपीत मांजराचं पिल्लू.

दाढेला बुधवार मिळालाय, सव्वापाच.
परवान्याचं बघतो.
बघतो म्हणजे, हे लिहून झालं की.
आत्ता उठायला हवं,
पाणी काठाला आलंय.