बरोबर डी पाच

मी पंपासाठी बसले होते, एवढं आधी नोंदवून ठेवते.
विहिरीवरचा पंप बंद, हीउमा बेटावर फेब्रुवारी,
दुरुस्तीवाल्याचा नंबर एकट्या वडिलांना माहीत
आणि वडील नोव्हेंबरपासून पाइनच्या झाडांखाली.

त्यांची एकोणीस वर्षांची ईमेलं एकाच फाईलमध्ये,
एकाखाली एक, पिंपात मीठ लावून दाबलेल्या माशांसारखी.
काळा पडदा. कर्सरची उघडझाप.
शेजारचा काउपो फोनवर:
आधी ग्रेप, मग शब्द, मग फाईलचं नाव.
माऊस सोड. त्याला इथं कुणी विचारत नाही.

पंप. एंटर.
दोनशे बारा ओळी.
पंपाबद्दल वडील भरभरून लिहीत.
वॉशर, गळती, दाब, पुन्हा वॉशर,
आणि मध्येच एक, रात्री अडीचला पाठवलेली:
आता आवाज करत नाही.

मग सहज
(सहज कसलं, पण काउपोला तसं वाटू दे)
मी माझं नाव टाकलं.

काही नाही.
शून्यसुद्धा नाही. शून्य म्हणजे निदान
कुणीतरी मोजलेलं असतं.
नुसता कर्सर खालच्या ओळीवर उतरला
आणि पुन्हा उघडझाप करू लागला.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
म्हटलं, हिशेब जुळला.
चहाचं आधण ठेवायला उठले.

थांब, काउपो म्हणाला, तुझं पहिलं अक्षर.
ओइए. त्यातला तो ओ,
डोक्यावर आडवी पडलेली वेलांटी घेऊन हिंडणारा,
तुर्कूला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात
माझ्या ओळखपत्रावरून उडालेला.
जुन्या यंत्रांना ती वेलांटी पेलायची नाही म्हणे.
वाटेत सांडू नये म्हणून अक्षर फोडून पाठवायचे:
बरोबरचं चिन्ह, डी, पाच.
वाचताना पडदा ते सांधून दाखवायचा.
फाईलमध्ये मात्र फुटकं ते फुटकंच.

फुटकं शोधलं.
ओळी अशा धावत आल्या की वरच्या वर निघूनही गेल्या,
मी बोट लावून थांबवायला गेले, काचेला.

सगळ्या तालिनच्या उर्मासला. वडील रोज सकाळी
त्याला बंदरातल्या पाण्याची पातळी कळवत,
आकडा झाला की एखादं वाक्य, दाराशी रेंगाळल्यासारखं.
पाणी उणे चाळीस. बरोबर-डी-पाच-इएच्या गावी पाऊस आहे, बातम्यांत होतं.
पाणी अधिक बारा. बरोबर-डी-पाच-इएला पाठवलेले मोजे परत आले, पत्ता जुना.
पाणी उणे तीन. बरोबर-डी-पाच-इए असती तर या बोक्याला आत घेतला असता.

जन्मात ज्यांनी मला कधी बरोबर म्हटलं नाही
त्यांच्या प्रत्येक ओळीत माझ्या नावाआधी
यंत्रानं ते न विसरता लावलेलं.
हसू आलं. मग बराच वेळ काही दिसेना.

आणि ही एक, मार्चमधली, मध्येच तुटलेली:
छपराबद्दल बरोबर-डी-पाच-इए म्हणत होती ते
आणि ओळीच्या टोकाला, एकटं, बरोबरचं चिन्ह.

ओळ लांबली की यंत्र तिथं तोडतं
आणि तोडल्याची खूण ठेवतं, काउपो समजावत होता.
त्याचा अर्थ काही नसतो.
खालची ओळ हवी असेल तर तसं मागावं लागतं.

मागावी की नाही, यावर चहा निवला.
मागितली.

मला अजून पटलेलं नाही. पत्रा मात्र घातला.

बाहेर जाऊन पाहिलं. पत्रा होता.
हिरवा, माझ्या डोक्यात होता त्याहून गडद,
कडेला दोन खिळे कमी.
आत आले, पंपवाल्याचा नंबर
दोनशे बारांतल्या एकशे नव्वदाव्या ओळीत निघाला.
फोन लागला. बाईचा आवाज: कोण बोलतंय?
मी नाव सांगितलं, वेलांटीसकट.
अच्छा, ती म्हणाली. पंपवाल्या हिल्लरची.