काचेपलीकडची गाठ

जिल्हा म्हणजे केवढा? चार गावं, एक बंदर,
आणि मंगळवारी संध्याकाळी पत्र्याच्या हॉलात
आधी खोकणारा, मग तापणारा एक हीटर.
कागदावर त्याचं नाव इन्व्हरकार्न स्काउट जिल्हा.
एक एप्रिलला ते खोडलं जाईल,
डोंगरापलीकडच्या थोरल्या जिल्ह्यात आम्ही मिसळू
दुधात पाणी मिसळावं तसे.
दूध कोण नि पाणी कोण, यावर सभेचे दोन तास गेले.

मी एल्स्पेथ, इथली भांडारपाल, वय एकाहत्तर.
आज हस्तांतरासाठी सामान मोजतेय.
तंबू अकरा. तिघांना उंदरांनी खिडक्या पाडल्यात.
पितळी स्टोव्ह पाच.
एका पेटीवर खडूनं लिहिलंय : चौथं पथक.
चौथं पथक आता कुठेच नाही.
पहिल्या महायुद्धात त्यातली पोरं कंदील घेऊन
रात्ररात्र कड्यावर समुद्र राखत बसायची,
मग वय भरलं तशी फ्लँडर्सच्या चिखलात गेली. नऊ जण.
तो आकडा पुन्हा कुणी वापरला नाही.
हजेरीपटात मास्तरांच्या सुबक अक्षरात एवढंच :
"आज कुणी आलं नाही. शेगडी पेटवली. विझवली."

माझ्या लहानपणी भाऊ मॅग्नस आत, मी बाहेर.
मुलींनी आत यायची रीत नव्हती.
हेरिंगच्या रिकाम्या पिंपावर चढून मी खिडकीतून बघायची.
गिल्ब्रेथ म्हातारे, जन्माचे तांडेल, दोरी उंच धरून सांगत :
बिळातून वांब वर येते,
खांबामागून वळसा घेते,
ओहोटी लागली की बिळात परत.
काचेवर माझाच श्वास साचायचा, तो बाहीनं पुसायचा,
आणि खिशातल्या सुतळीला तीच गाठ मारायची,
समोरून पाहिलेली. म्हणजे उजव्याची डावी,
आरशातली.
मला काय ठाऊक? ती धरत होती.

पुढे समुद्रातल्या तेलानं गावातले बाप्ये नेले,
आणि एका सप्टेंबरात कमिशनर साहेब दारात, टोपी हातात :
बाई, छोट्यांचं पथक घ्याल का? नाहीतर बंदच करावं लागेल.
किल्ली गार होती. दार फुगलेलं.
खांद्यानं ढकललं.

आता सव्वीस पोरं येतात.
मासळीच्या कारखान्यातल्या बोझेनाचा कास्पर,
नर्स ओमोलाराची टेमी, जिची शिट्टी ऐकून कुत्री पळतात,
आणि नवार, होम्स शहरातून आलेला,
ज्याला पहिल्या शिबिरात तंबू नको होता.
का, ते आम्ही विचारलं नाही.
तो हॉलच्या उंबऱ्यापाशी झोपला. मग मीही तिथेच अंथरूण टाकलं.
यादीत आणखी चौदा थांबलीत,
कारण थोरामोठ्यांपैकी कुणाकडेच मंगळवार शिल्लक नाही.

शनिवारी डोंगरापलीकडचे पाहणीला आले.
तराफा बांधताना त्यांचा पोरगेला प्रशिक्षक थबकला :
तुमच्याकडे सगळेच बोलाइन उलटी मारतात की काय?
मी वाकून पाहिलं.
टेमीची डावी. कास्परची डावी. नवारचीही,
आणि तो तर लिहितोही उजव्या हातानं.
प्रशिक्षक हसून म्हणाला, एप्रिलनंतर सरळ करून घेऊ.
मी तराफ्यावर पाय दिला, सगळं वजन टाकलं,
दोन उड्याही मारल्या, गुडघ्याला न विचारता.
तो काही बोलला नाही.

संध्याकाळी धक्क्यावर गेले, सहज.
सात होड्या बांधलेल्या. पाचांची गाठ डावी.
त्यांचे मालक पन्नाशीचे, टक्कल पडलेले,
कधीकाळी माझ्याच पुढ्यात नाक पुसत उभे असलेले.

आता हे कुठल्या रकान्यात लिहू?
तंबू अकरा. स्टोव्ह पाच.
कंदील एक, चौथ्या पथकाचा, वात नाही.
पिंप एक, हॉलच्या मागे, उपडं.
ते मी देणार नाही.