हवा धरलीय

पहाटे साडेपाच, टॉडमॉर्डन, उणे तीन.
स्टार्टर खणखणीत फिरतोय, दिवे लख्ख,
हॉर्न गल्ली उठवेल असा,
तरी नवरा ॲबर्डीनहून फोनवर म्हणतो
बॅटरीच गेली असणार.
साडेतीनशे मैलांवरून. बॅटरीच.

अठरा वर्षांची प्यूजो. माझ्याआधी हिचे दोन धनी झाले,
त्यातल्या एकाचा कुत्रा मागच्या सीटवर
केसांच्या रूपानं अजून राहतो.
सातला हॅलिफॅक्सच्या इस्पितळात माझी एक्स-रेची पाळी,
लोकांच्या आतलं बघायचं काम.
हिच्या आतलं काही दिसत नाही.

शेजारचे क्रॅबट्री आले, पायजम्यावर ओव्हरकोट.
बत्तीस वर्षं बसडेपोत गेली, डावा कान तिथंच राहिला.
बॉनेट उघडायला लावलं आणि
इंजिनाकडे न बघता सरळ मागे गेले,
सायलेन्सरच्या तोंडाशी वाकले.
"मार."
मारला.
"परत."
परत.
"धूर नाही," ते म्हणाले, जरा नाराज होऊन,
जसं काही मीच लपवला होता.

पांढरा धूर आला असता तर ग्लो प्लग बघितले असते:
डिझेल पोचलंय, पेटत नाहीये.
धूरच नाही, म्हणजे चुलीला दोष देऊ नका,
घरात शिधाच आलेला नाही.

काटा पाव टाकी दाखवतोय. फ्यूज ठीक.
मग त्यांनी फिल्टरपुढे एक पारदर्शक नळी जोडली,
माशांच्या टाकीतली, मासे कधीच वारले म्हणे.
मी टॉर्च धरला. स्टार्टर त्यांनी मारला.
नळीतून बुडबुडे निघाले, एक, मग एक, मग बरेच,

आणि मी मोठ्यानं म्हणाले, मराठीत,
हवा धरलीय.

जतच्या पलीकडे बाबांची पिठाची गिरणी.
इंजिन रुसलं की बायका डब्यांवर बसून राहायच्या.
"किती वेळ रे अजून?"
"हवा धरलीय, मावशी. काढतो."
नट अर्धा आटा ढिला, अंगठा पंपाच्या दांडीवर,
आधी नुसता फेस, मग फेसातून डिझेल,
मग एकदाचं नितळ. आवळ.
भुवयांवर पीठ, बोटांना डिझेल,
आई म्हणायची, भाकरीत दोन्ही उतरतं.

इंग्रजीत काय म्हणतात कुणी शिकवलं नव्हतं.
शब्दाला शब्द लावून सांगितलं: हिनं हवा धरलीय,
जसा कुणी हट्ट धरतं, राग धरतं.
क्रॅबट्रींनी उजवा कान पुढे केला, थोडा विचार केला.
"धरलीय खरी," म्हणाले. "आणि सोडत नाही."

फिल्टरच्या तोंडाची रबरी चकती चिरली होती.
गाडी चढाला नाक करून उभी,
रात्रभर डिझेल गुपचूप मागे टाकीत उतरलेलं.
त्यांच्या पेपरमिंटच्या डबीत एक चकती निघाली,
नेमक्या मापाची नव्हे. "शुक्रवारपर्यंत चालेल, लव्ह."
त्यांचे हात थरथरतात, म्हणून फुगा मी दाबला,
रक्तदाब बघायचा असतो तसला काळा फुगा:
मऊ, मऊ, मऊ, अगदी पोकळ,
आणि अचानक बोटांना उलटा जोर.

मग खोकली. बंद पडली. परत खोकली.
पांढरा धूर उतारावरून थेट चर्चपर्यंत गेला,
कुणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली.
क्रॅबट्री हसत होते, पायजमा भिजलेला.

वीस मिनिटं उशीर. छातीच्या फोटोला आलेले आजोबा
नाक उडवत म्हणाले, कसला वास येतोय गं तुझ्या हातांना?
मी म्हटलं, श्वास धरा.
धरून ठेवा.
सोडा.

संध्याकाळी गाडी वळवून लावली, नाक उताराकडे.
नवऱ्याचा मेसेज येऊन पडलाय: बॅटरीच होती ना?
दोनदा हात धुतले. वास आहेच.
उद्या कळवते.